काळी चार

माझे वडील ३१ वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. बाहेरगावी गेलं की 'नोटांचा छापखाना' अशी फोड करून सांगावी लागते; इथे नुसतं 'प्रेसमध्ये आहेत' म्हटलं की भागतं. त्यांचं काम तपासणीचं. छापून आलेला ताव समोर घ्यायचा आणि कुठे शाई फुटलीय, कुठे रेघ तुटलीय, कुठे रंग केसभर सरकलाय ते शोधायचं. दिवसभर तेच. "मला डोळ्यांचा पगार मिळतो," असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुणे हसायचे.

त्याच डोळ्यांना काचबिंदू झाला.

काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. आधी बाजूची नजर जाते. समोरचं दिसत असतं म्हणून माणूस तक्रार करत नाही. बाबांचा खांदा दाराच्या चौकटीला घासायला लागला, ताटाच्या कडेची आमटीची वाटी लवंडायला लागली, आणि आम्ही वयावर ढकलून मोकळे झालो. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असं म्हणत मी दोन पावसाळे घालवले. मोतीबिंदूत गेलेली नजर परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही, हे मला डॉक्टरांनी समजावलं तेव्हा बराच उशीर झाला होता. (हा भाग इथेच सोडते. त्याबद्दल मनात जे आहे ते लिहून कमी होत नाही, करून बघितलंय.) आता त्यांना खिडकीचा उजेड तेवढा कळतो.

घरात पेटी आहे. खर्ज-नर, म्हणजे जाड आणि मधल्या आवाजाच्या सुरांची, साडेतीन सप्तकांची, आतले सूर पालिताण्याचे. जेलरोडच्या एका भजनी मंडळात बाबांनी तिच्यावर उभी हयात साथ केली. नजर गेल्यावर त्यांनी पेटीवर खोळ चढवली ती चढवलीच. येणारा-जाणारा सांगायचा, "काका, पेटीला कुठे डोळे लागतात? आता तर वेळच वेळ आहे." मीही सांगायचे. बाबा "हो ना" म्हणायचे आणि रेडिओचं बटण चाचपायचे.

अशा दिवसांत भाच्याने मला एक व्हिडिओ पाठवला. एक जपानी तरुण दुसऱ्याच्या दंडाला धरून रंगमंचावर येतो, वाकून नमस्कार करतो, बसतो. बसल्यावर पियानोची कड हाताने चाचपतो, वीज गेल्यावर आपण पलंगाचा काठ शोधतो तशी. मग वाजवायला लागतो. मी तो एका बैठकीत चार वेळा पाहिला.

नोबुयुकी त्सुजी. जन्म १९८८, टोकियो. जन्मापासून दृष्टी नाही. दोन वर्षांचा असताना आई 'जिंगल बेल्स' गुणगुणत होती, याने ते खेळण्यातल्या पियानोवर वाजवून दाखवलं. सातव्या वर्षी जपानमधल्या अंध विद्यार्थ्यांच्या संगीत स्पर्धेत पहिला. दहाव्या वर्षी ओसाकाच्या वाद्यवृंदाबरोबर पहिला कार्यक्रम. २००५ मध्ये वॉर्साच्या शोपँ पियानो स्पर्धेत समीक्षकांचं पारितोषिक. आणि २००९ च्या जूनमध्ये, विशीत, अमेरिकेतल्या फोर्ट वर्थ गावी व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धेचं सुवर्णपदक, चीनच्या हाओचेन झांगबरोबर विभागून. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला जपानी. पुढे २०११ मध्ये न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, २०१३ मध्ये लंडनचा प्रॉम्स हा संगीत महोत्सव. एवढं सगळं मी एका रात्रीत गोळा केलं, आणि का करतेय ते मला चांगलं माहीत होतं. मला बाबांसाठी औषध सापडलं होतं.

रविवारी दुपारी त्यांच्या उशाशी फोन ठेवला. कोण, काय, काही सांगितलं नाही. लावलं ते लिस्ट या संगीतकाराचं 'ला कांपानेला'. मूळ सुरावट पागानिनी या व्हायोलिनवादकाची. लिस्टने ती पियानोवर आणली आणि १८५१ साली तिला आज वाजवतात ते रूप दिलं. त्यात उजव्या हाताला एका वरच्या सुरावर पुन्हा पुन्हा उडी मारून जायचं असतं. अंतर दोन सप्तकांपर्यंतचं, आणि वेळ पापणी लवायचा. दिसणाऱ्यांचीही उडी चुकते.

मिनिटभर बाबा नुसते पडून होते. मग म्हणाले, "पेटी दे गं जरा."

मी चेहऱ्यावर काही न दाखवता पेटी आणली. चेहरा त्यांना दिसत नाही हे लक्षात यायला मला अजूनही वेळ लागतो. त्यांनी खोळ काढली, डाव्या हाताने भात्याची कडी सोडली आणि उजव्या हाताने एक पट्टी दाबून धरली. मग दुसरी.

"सा काळी चारला आहे. आणि ती वर जी टणटण लावलीय ना, ती काळी दोन. पंचम." (काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, काळी दोन म्हणजे दुसरी.) थोडं ऐकून, "गंधार-धैवत कोमल. निषाद शुद्ध लावतोय मधे मधे. किरवाणी रागाचं शेजारघर."

"बाबा, याचं नावच छोटी घंटा आहे."

"छोटीच आहे. नारोशंकराची नाही, देवघरातली."

नाशिकबाहेरच्यांसाठी: गोदाकाठी पंचवटीत नारोशंकरांनी १७४७ साली बांधलेलं देऊळ आहे. त्यावरची घंटा वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेली, चांगली दणदणीत. आमच्या घरात कुणी फार मोठ्याने बोलायला लागलं की तिचं नाव निघतं.

"तयारी आहे पोराची," बाबा म्हणाले. "डावा हात स्वच्छ आहे. शेवटी जरा घाई करतो."

आता माझी वेळ आली होती. म्हटलं, "बाबा, त्याला दिसत नाही. जन्मापासून."

ते गप्प राहिले. मी वाट बघत होते कशाची कोण जाणे, डोळ्यांत पाणी यायची बहुतेक. त्यांनी भाता मिटवला, कडी लावली, चाचपत खोळ घातली आणि म्हणाले, "मला उदाहरणं दाखवत जाऊ नकोस. त्याचं काही गेलेलं नाही. जे मिळालं त्यात तो मोठा झाला. माझं गेलंय."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं करून वर हे. आई म्हणाली, "अगं, त्यांना पटलं नसेल, सोड." पण पटण्या-न पटण्याचा प्रश्नच नव्हता, ते बरोबरच बोलत होते. जो जन्मतः अंध आहे त्याचं जग पुरं असतं. ज्याची नजर ७६ व्या वर्षी गेली त्याला प्रत्येक वस्तूची आठवण असते. आणि मी त्या पियानोवाल्यालाही वापरतच होते की. त्याच्याबद्दल जिथे जिथे वाचलं तिथे तिथे 'चमत्कार' हा शब्द. लोक आधी रडतात, मग ऐकतात. एकदा चमत्कार म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही, बाबा रे, तू हे करतोस कसं?

विचारलं ते बाबांनी. तीन दिवसांनी, चहात बिस्कीट बुडवताना. "त्याला कागद वाचता येत नाही. मग तो शिकतो कसा?" हा आवाज माझ्या ओळखीचा होता. प्रेसमध्ये असताना एखाद्या नव्या यंत्राबद्दल घरी येऊन सांगायचे तेव्हाचा.

मलाही ते नीट माहीत नव्हतं, म्हणून शोधलं. संगीत लिहायची ब्रेल लिपी आहे आणि ती खुद्द लुई ब्रेलचीच. हा माणूस पॅरिसमध्ये चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. १८२९ साली त्याने आपली लिपी छापली त्या पुस्तिकेच्या नावातच अक्षरांच्या जोडीला संगीत होतं. तेच सहा ठिपके. पाश्चात्त्यांचा 'सी', म्हणजे आपली पांढरी एक, हा 'डी' अक्षराच्या ठिपक्यांनी लिहितात आणि सर्वांत खालच्या दोन ठिपक्यांवरून तो सूर किती वेळ धरायचा ते कळतं. पण पियानोला दोन्ही हात लागतात आणि वाचायलाही हातच लागतो. म्हणजे डाव्याने वाचत उजव्याने वाजवायचं, मग उलट, मग दोन्ही पाठ झाल्यावर एकत्र. समोर कागद ठेवून वाजवणं हा प्रकार त्या जगात नाहीच. शिवाय सगळ्या रचना ब्रेलमध्ये मिळतही नाहीत. म्हणून त्सुजी बहुतेक कानाने शिकतो. मदतीला असलेले वादक त्याला उजवा हात वेगळा, डावा हात वेगळा, लहान लहान तुकड्यांत ध्वनिमुद्रित करून देतात. तो याला कानांसाठीची स्वरलिपी म्हणतो. छोटी रचना थोड्या दिवसांत बसते, मोठा सोनाटा (एकट्या पियानोची लांब रचना) किंवा कन्चेर्तो (वाद्यवृंदाबरोबरची) असेल तर महिना लागतो.

"म्हणजे गुरुमुखीच की," बाबा म्हणाले. "मग यात नवल ते काय? आमच्या मास्तरांनी तरी मला कागद कुठे दाखवला?"

मी म्हटलं, नवल पुढे आहे. तुम्ही चाल शिकलात की जागा स्वतःच्या घालता, आज एक, उद्या दुसरी. तिथे तसं चालत नाही. स्पर्धेत त्याने बेथोवेनचा 'हामरक्लाविअर' वाजवला. पाऊण तासाच्या आसपासचा सोनाटा, शेवटी भलामोठा फ्यूग, म्हणजे दोनच हातांत तीन सुरावटी एकमेकींचा पाठलाग करतात. आरंभालाच डाव्या हाताने खर्जात एक सूर मारून क्षणात वर झेप घ्यायची. आणि एकही सूर इकडचा तिकडे करायचा नाही.

"एकही नाही?"

"नाही."

"पाऊण तास?" बाबांनी कप खाली ठेवला. चकित झाले ते या जागी, आणि मला वाटतं चकित व्हायची जागा तीच होती.

त्याच उत्साहात मी एक वाक्य ऐकवलं जे वहीत लिहून ठेवलं होतं: बेथोवेनला त्या काळात जवळजवळ ऐकू येत नव्हतं, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याने लिहिलं आणि ज्याला दिसत नाही त्याने वाजवलं. बाबा म्हणाले, "छान आहे. भाषणात चालेल." वहीतलं ते पान मी तेव्हाच दुमडलं.

त्यानंतर आमचं हे रोजचंच झालं. त्यांनी विचारायचं, मी शोधून आणायचं. वाद्यवृंदाबरोबर वाजवताना संचालकाची काडी दिसत नाही, मग सुरुवात कशी साधतो? उत्तर असं की तो संचालकाचा श्वास ऐकतो. ही गोष्ट बाबांना इतकी पटली की त्यांनी ती मला उलट समजावून सांगितली. "बुवा डोळे मिटूनच गातात. सूर लावायच्या आधी बुवांचा श्वास आत जातो, तो नाकात जरा अडकतो. तेवढ्यात भाता भरून घ्यायचा. ज्याला ते ऐकू येत नाही तो पेटीवाला कायम अर्धी मात्रा मागे." मग हसून, "पण तिकडे डाव्या हाताला काम आहे. आपला डावा हात नुसता वारा घालतो."

एकदा मी विचारलं, काळी चार, पांढरी पाच, ही आपली भाषा सगळी रंगांची. ज्याने काळं कधी पाहिलंच नाही त्याला ती कशी कळणार? बाबांनी माझ्या पर्समधून एक नोट काढायला लावली. बोटांनी कड चाचपली, उजवीकडे अंगठा फिरवला. "पाचशेची. गोल आहे. शंभरावर त्रिकोण असतो." ही उठावाची छपाई, शाई कागदावर वर उभी राहते. नोट चार ठिकाणी फिरली की ती झिजते आणि खूण लागत नाही, यावर त्यांनी दहा मिनिटं व्याख्यान दिलं. मग पेटीवर हात नेऊन म्हणाले, "काळी म्हणजे उठाव. दोघी इथे, तिघी तिथे. मधली फट लागली की आपण कुठे आहोत ते कळलं. रंगाचं नाव दिसणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे." पियानोवर ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या, आणि त्या ३६ मध्ये हीच दोघी-तिघींची रांगोळी, फक्त चार फूट लांब.

मारिया थेरेसिया फॉन पारादिसची गोष्टही त्यांना आवडली. ही व्हिएन्नाची, १७५९ ते १८२४. लहानपणीच दृष्टी गेली, तरी युरोपभर फिरून पियानो वाजवला. १७७७ मध्ये मेस्मर नावाच्या वैद्याने तिच्यावर उपचार केले. थोडं दिसायला लागलं म्हणतात, आणि वाजवणं बिघडलं. बोटं चालताना ती त्यांच्याकडे बघायला लागली आणि चुकायला लागली, असं तिच्या वडिलांनी लिहून ठेवलंय.

"चुकणारच. मास्तर माझ्या पट्ट्यांवर पंचा टाकायचे. पंच्याखाली हात घालून वाजव म्हणायचे. मान खाली गेली की टपली."

म्हणजे हा माणूस आधीपासून न बघताच वाजवत होता! मी न राहवून विचारलं, "मग बाबा, वर्ष-दीड वर्ष पेटीला हात का नाही लावला?"

"वही," ते म्हणाले.

मला कळेना.

"जे पाठ आहे ते वाजवून झालंय गं. चाळीस वर्षं तेच. म्हटलं होतं, रिटायर झालो की वहीतलं बसवू. मास्तरांच्या चाली. उतरवून घेतल्या, बसवल्या नाहीत. आज बसवू, उद्या बसवू." पुढे काही बोलले नाहीत.

पेटीला कुठे डोळे लागतात, असं सांगणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होते. वही कपाटात वरच्या खणात होती, प्रेसच्या जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली. आत बाबांचं तपासनिसाचं बारीक अक्षर, स्वरांखाली आडव्या रेघा, मात्रांची चिन्हं. ते पलुसकरांच्या पद्धतीने लिहायचे. या विष्णु दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले. उपचारासाठी मिरजेला गेले आणि तिथे गाण्याला लागले. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, उत्तरायुष्यात इथे पंचवटीत रामनाम आधार आश्रमात राहिले. कान हेच ज्यांचं मोठं भांडवल त्या माणसाने गाणं कागदावर उतरवायची पद्धत बसवली. आणि तो कागद आता माझ्या वडिलांना वाचता येत नव्हता.

मी पेटीच्या दोन परीक्षा दिल्यात, शाळेत असताना. स्वरलिपी वाचता येते, अडखळत. त्सुजीची पद्धत आम्ही उचलली. पहिल्या दिवशी मी एक अख्खा अभंग वाजवून फोनवर घेतला आणि बाबांना दिला. त्यांनी परत केला. "तुकडे कर. आणि भाव घालू नकोस. नुसतं वाजव. भाव माझा मी बघतो." मग एकेक ओळ, कधी अर्धी. आधी नावाने स्वर म्हणायचे, मग संथ वाजवायचं, मग लयीत. एका चालीचे अकरा तुकडे झाले. फोनच्या पडद्यावर फाइल शोधणं त्यांना जमत नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याआधी मी आकडा बोलते. "चार." मग वाजवते. माझ्या चुकाही त्यात आहेत. तिसऱ्या तुकड्यात मी मध्यमाच्या जागी पंचम दाबला होता. बाबांनी दुसऱ्यांदा ऐकताना फीत थांबवायला लावली. "इथे शाई फुटलीय." वही उघडून पाहिलं. मध्यमच होता.

मंडळात ते अजून गेलेले नाहीत. गुरुवारी बुवांचा फोन येतो, बाबा म्हणतात, बघू. त्सुजीचं नाव ते नीट घेत नाहीत, 'तो घंटावाला' म्हणतात. कधी कधी संध्याकाळी स्वतःहून म्हणतात, लाव तो घंटावाला. शेवटी घाई करतो हे मत कायम आहे.

सातवा तुकडा घेताना स्वयंपाकघरात कुकर झाला होता. ओळीच्या ऐन मध्यात शिट्टी, मी थांबले, शिट्टी संपल्यावर पुढची अर्धी ओळ वाजवली. पुन्हा घ्यायचा कंटाळा केला. परवा बाबा ती चाल सलग वाजवत होते, अकराच्या अकरा तुकडे जोडून. सातव्यात त्या जागी आले, भाता धरून ठेवला, शिट्टीएवढे थांबले आणि मग पुढे गेले. आईने आतून विचारलं, "काय झालं?"

"कुकर," बाबा म्हणाले. "काळी पाच."

आता तो तुकडा पुन्हा घ्यायचाय. दोन दिवस झाले, मी अजून घेतलेला नाही.